वेलाचं उसनं खोड

झाडाच्या कमाईचा मोठा वाटा खोड बांधण्यात जातो. उन्हापर्यंत पोचायचं तर उंच व्हायला हवं, उंच झालं की वाऱ्यात तग धरायला हवा, आणि त्यासाठी लाकूड लागतं. लाकूड तयार करायला वर्षं जातात. वेल हा खर्चच टाळतो. पानांत तयार होणारं अन्न तो लांबीत, नव्या पानांत आणि फळांत घालतो आणि उभं राहण्याची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवतो. रानात ती जबाबदारी शेजारचं झाड घेतं. बागेत ती आपल्यावर येते.

जागा कमी असलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं की वेलभाज्या वर चढवा, जागा वाचेल. सल्ला अगदी खरा आहे. काकडीचा एक वेल जमिनीवर मोकळा सोडला तर चौरस मीटरभर जागा सहज व्यापतो. तीच काकडी ताटीवर फूटफूटभर अंतराने लावता येते. दोन मीटर लांब ताटीच्या पायथ्याशी हातभर रुंदीचा पट्टा मिळाला तरी सहा वेल मजेत वाढतात. दुधी आणि भोपळा यांच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा, कारण ते मोकाट सुटले तर बागेची वाटच अडवतात. पण सल्ला देणारे बहुतेक वेळा इथेच थांबतात, आणि मला पुढचं सांगावंसं वाटतं. वेलाने खोडावरचा जो खर्च वाचवला, तो ताटीच्या रूपाने आपण भरायचा असतो. शिवाय वेल वर चढला म्हणून त्याची भूक, तहान आणि उन्हाची गरज तसूभरही कमी होत नाही. उलट काही बाबतींत ती वाढते.

भोपळ्याचंच पाहा. जमिनीवर पसरताना त्याच्या पेरांना माती लागली की तिथे नवी मुळं फुटतात. मूळ आळ्यापासून आठ-दहा फूट लांब गेलेला शेंडा वाटेतल्या या मुळांमधूनही पाणी घेत असतो. ताटीवर चढवलेल्या भोपळ्याला ही सोय राहत नाही. वरचा सगळा पसारा एकाच बुंध्यातून पोसायचा असतो. म्हणून जमिनीवर जे आळं पुरतं ते ताटीखाली पुरेल असं समजू नये. मी वेल चढवायचा असला की खड्डा मोठा घेते, कुजलेलं शेणखत हात आखडता न घेता घालते आणि वेल वाढता वाढता बुंध्याशी मातीची भर देत राहते. खालची एक-दोन पेरं मुद्दाम मातीत दाबली तर तिथे मुळं धरतात. वर नेलेल्या भोपळ्याला परत मिळालेली ही थोडी जमीनच म्हणायची.

एवढ्याशा बारीक देठातून दुधीच्या ताटभर पानांना पाणी पोचतं तरी कसं, याचं मला नेहमी नवल वाटतं. दुधीचं जून खोड आडवं कापून पाहिलं तर त्यातली छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. झाडाचं खोड भारही पेलतं आणि पाणीही नेतं. वेलाला भार पेलायचा नसल्यामुळे त्याच्या नळ्या खूप रुंद असू शकतात. आणि रुंदीला इथे फार महत्त्व आहे. नळीचा व्यास दुप्पट झाला तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून जाणारं पाणी दुप्पट होत नाही, सोळापट होतं. म्हणून करंगळीएवढं खोड अख्खा मांडव हिरवा ठेवू शकतं. मात्र रुंद नळ्यांना एक धोका असतो. माती फार सुकली की आतल्या पाण्याच्या धारेवर ताण येतो, हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. एक दिवस भरपूर पाणी आणि चार दिवस विसर, हे वेलभाज्यांना मानवत नाही ते यामुळेही. थोडं थोडं पण नियमित पाणी हवं.

भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलायची गरज नसते. मोठ्या पानांतून पाणी उडण्याचा वेग त्या वेळी मुळांना झेपत नाही, एवढंच. ऊन उतरल्यावर पानं सावरली तर ठीक आहे. सकाळीही ती लोंबलेलीच असतील तर मात्र बोट मातीत खुपसून पाहावं.

कुंडीत वेल लावणाऱ्यांसाठी हे सगळं आणखी कडक नियमाने लागू होतं. काकडी किंवा कारल्याला पंधरा-वीस लिटरची कुंडी चालते, दुधीला चाळीस-पन्नास लिटर तरी माती द्यावी. भिंतीवर हिरवा पडदा हवा म्हणून लहानशा डब्यांत दुधी लावलेला पाहिला की मला त्या वेलाची कीव येते. तो जगतो, फुलतो, पण फळ धरायची वेळ आली की कोवळी फळं पिवळी पडून गळतात. वर जागा मोकळी असूनही खाली त्याला काही मिळालेलं नसतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जमिनीवर पसरलेला वेल स्वतःच्या पानांनी माती झाकतो. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण डोकं वर काढत नाही. वेल उचलून ताटीवर नेला की ती माती उघडी पडते. म्हणजे त्या दिवसापासून आच्छादनाचं कामही आपलं झालं. वाळलेला पाला, गवत, भाताचा पेंढा, जे हाताशी असेल ते चार बोटं जाडीचं पसरावं. फक्त बुंध्याला चिकटू देऊ नये, नाहीतर तिथे कुज लागते.

आता ऊन. ताटी जागा वाचवते, पण ऊन वाढवत नाही. ती शेजारच्या वाफ्यावरचं ऊन अडवून स्वतः घेते. सहा फूट उंच, पानांनी भरलेल्या ताटीची सावली सकाळ-संध्याकाळ लांबवर जाते. म्हणून ताटी कुठे उभी करायची हे खड्डा घेण्याआधी ठरवावं. ओळ उत्तर-दक्षिण ठेवली तर सकाळी पूर्वेकडची आणि दुपारनंतर पश्चिमेकडची बाजू उन्हात राहते, आणि शेजारच्या वाफ्यांनाही दिवसातून काही वेळ ऊन मिळतं. पूर्व-पश्चिम ओळ करावीच लागली तर उत्तर गोलार्धात ती बागेच्या उत्तर कडेला असावी, म्हणजे हिवाळ्यातली लांब सावली बागेबाहेर पडते. विषुववृत्ताच्या जवळ, उष्ण कटिबंधात, उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. तिथे पुस्तकी नियमापेक्षा आपल्या बागेत काठी रोवून तिची सावली दिवसभर पाहणं जास्त उपयोगाचं. सावलीचा उपयोगही करून घेता येतो. आडव्या मांडवाखाली आलं, हळद आणि उन्हाळ्यात करपणाऱ्या पालेभाज्या चांगल्या येतात.

इथवर वेलाला काय द्यायचं ते झालं. तो आधार कसा शोधतो, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि ताटी कशी असावी याचं उत्तरही त्यातच आहे.

काकडी, कारलं, दोडका, दुधी, पडवळ, भोपळा हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्या पेरापाशी बारीक दोऱ्यासारखे तणावे फुटतात. कोवळा तणावा सरळ असतो आणि हवेत सावकाश गोल फिरत असतो. १८५८ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी याच कुळातल्या एका वेलाच्या तणाव्यांवर टिपण लिहिलं आणि चार्ल्स डार्विनला बिया पाठवल्या. डार्विनने ते रोप आपल्या खोलीत वाढवून त्याच्या शेंड्याचं फिरणं पाहिलं आणि मग शंभराहून अधिक जातींच्या वेलांचा पाठपुरावा केला. १८६५ मध्ये त्याचा दीर्घ निबंध आला, १८७५ मध्ये पुस्तक. हॉप नावाच्या वेलाचा शेंडा उबदार हवेत सुमारे दोन तासांत एक फेरी पूर्ण करतो, हे त्याने आजारपणात खोलीत बसून घड्याळ लावून मोजलं होतं. आपल्यालाही हे दिसू शकतं. काकडीच्या शेंड्याजवळचा तणावा कुठल्या दिशेला आहे ते सकाळी पाहून ठेवायचं आणि तासाभराने परत यायचं.

फिरता फिरता काही लागलं की तणावा स्पर्शाच्या बाजूला वळतो आणि त्या वस्तूभोवती वेढे घालतो. पण पावसाचे थेंब रोज शेकड्यांनी त्याच्यावर आदळतात, त्यांना तो फसत नाही. डार्विनने हे नोंदवलं होतं, आणि नंतर जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी दाखवलं की तणाव्याला पाण्याचा नुसता दाब कळून उपयोग नाही, त्याला घन, खरखरीत पृष्ठभागाचं घासणं लागतं. बागकाम करणाऱ्याने ही एवढी एक ओळ लक्षात ठेवली तरी ताटीच्या साहित्याचे निम्मे प्रश्न सुटतात. गुळगुळीत प्लॅस्टिकची नळी किंवा चकचकीत लोखंडी पाइप तणाव्याला नीट धरवत नाही, आणि लोखंड उन्हात तापतं ते वेगळंच. त्यावर सुतळी किंवा काथ्याची दोरी गुंडाळली की तोच पाइप उपयोगी पडतो. जाडीचंही तसंच. तणावा काही इंचच लांब असतो. पेन्सिलीपेक्षा फार जाड वस्तूला तो वेढा पुरा करू शकत नाही. मनगटाएवढा बांबू काकडीसाठी डांब म्हणून ठीक, पण पकडायला तिला दोरी, जाळी किंवा बारीक काटक्याच हव्यात.

वेढा पक्का बसल्यावर तणावा आणखी एक काम करतो. मधला सरळ भाग स्प्रिंगसारखा गुंडाळायला लागतो आणि वेलाला आधाराजवळ ओढून घेतो. दोन्ही टोकं अडकलेली असल्यामुळे एकाच दिशेने पीळ पडू शकत नाही. म्हणून अर्धे वेढे एका दिशेला आणि अर्धे उलट्या दिशेला पडतात आणि मध्ये छोटासा सरळ तुकडा राहतो. कुठल्याही जुन्या तणाव्यावर हा तुकडा शोधा, सापडतोच. २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्याच्या आत पाहिलं. तिथे विशेष तंतुपेशींची दोन थरांची एक पट्टी असते. त्यातला एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो आणि त्यामुळे पीळ पडतो. त्याहून विलक्षण बाब अशी, की जून तणावा दोन्ही बाजूंनी ओढला तर त्याचे वेढे उलगडण्याऐवजी आधी वाढतात. हलक्या झुळकीला तो सैल असतो, जोराच्या ओढीला ताठर होतो. डार्विनने तर वादळी वाऱ्यात मुद्दाम बाहेर जाऊन कुंपणावरचा असा वेल पाहिला होता. फांद्या हेलकावे खात होत्या, आणि तणाव्यांच्या स्प्रिंगांमुळे वेल सुरक्षित होता.

म्हणूनच वेल दोरीने करकचून बांधायचं काम मला पटत नाही. पहिले तणावे फुटेपर्यंत कोवळ्या शेंड्याला मऊ सुतळीच्या सैल फासाने दिशा दाखवावी, आठाच्या आकड्यासारखा वेढा देऊन. एकदा तणाव्यांनी जाळी धरली की पुढचं काम त्यांचं. आपली गाठ हलत नाही, त्यांची पकड हलते आणि सांभाळते.

घेवडा, चवळीचे वेल, मायाळू यांची रीत वेगळी. त्यांना असे तणावे नसतात. त्यांचं खोडच आधाराभोवती गुंडाळत वर जातं. त्यांना आडव्या तारा फारशा कामाच्या नाहीत, उभी काठी किंवा उभी दोरी हवी. घेवडा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळतो. हाताने चढवून द्यायचा झाल्यास त्याच दिशेने द्यावा, उलटा गुंडाळला तर तो सुटून परत आपल्या वळणाने जातो. मक्याच्या ताटावरही घेवडा उत्तम चढतो, फक्त मका गुडघ्याच्या वर आल्यावरच घेवडा पेरावा, नाहीतर मका वाकतो. वाटाण्याचं तिसरंच: त्याच्या पानांच्या टोकांचेच तणावे होतात, आणि ते फार नाजूक असतात. त्याला बारीक फांद्यांचा झुडपासारखा आधार आवडतो.

टोमॅटोला यातलं काहीच येत नाही. तो पिळतही नाही आणि धरतही नाही. त्याला खरोखर बांधावंच लागतं.

डांबांच्या मजबुतीबद्दल मात्र मी हट्टी आहे. वेल लावताना ताटी रिकामी असते, तेव्हा तिच्यावर काय येणार आहे याचा अंदाज येत नाही. दोन महिन्यांनी तिच्यावर ओली पानं, किलो-दीड किलोचे दुधी आणि सगळ्यांत मोठं म्हणजे वारा असतो. पानांनी भरलेली ताटी वाऱ्याला भिंतीसारखी अडवते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताटी पडते तेव्हा ऐन फळांच्या दिवसांत पडते, कारण तेव्हाच ती सर्वांत जड असते. सहा फूट वर हवं असेल तर दोन फूट जमिनीत गाडावं. दोन्ही टोकांच्या डांबांना बाहेरच्या बाजूने तारेचा ताण द्यावा. जाळीची घरं हात आत जाईल एवढी, पाच-सहा इंचांची असावीत. बारीक घरांत काकडी अडकते, फुगते आणि निघत नाही. आणि हे सारं बी पेरण्याआधी. वेल वाढल्यावर डांब रोवायला गेलं की मुळं तुटतात.

ताटी उभी राहिली, वेल चढला, की मग फुलांची वाट पाहणं आलं. बहुतेक काकडीवर्गीय वेलांवर आधी नर फुलं येतात आणि गळतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ दिसतं. दुधी आणि कारल्यात मुख्य शेंड्यापेक्षा बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. म्हणून वेल ताटीच्या माथ्याला पोचला की शेंडा खुडावा. शेंड्याकडून येणारा दाब हटला की बगलेतल्या फांद्या सुटतात. काही संकरित काकड्या जवळजवळ फक्त मादी फुलं देतात आणि मुख्य खोडावरच लागतात, त्यांचा शेंडा लवकर खुडू नये. बियांच्या पाकिटावर हे लिहिलेलं असतं.

फुलं किती वाजता उमलतात हेही पाहायला हवं. भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळचे. दोडका संध्याकाळी फुलतो. दुधीची पांढरी फुलंही सूर्यास्ताच्या सुमारास उमलतात, त्यांच्यावर पतंग येतात. पडवळाची झालरीसारखी फुलं रात्रीची. उंच गच्चीवर मधमाशा आणि पतंग पोचत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावं, पण ज्याच्या त्याच्या वेळेला. दुधीला सकाळी दहा वाजता हाताने परागण करायला गेलं तर फूल मिटलेलं असतं.

लटकत्या फळांचं सुख खरंच मोठं. मातीला टेकून पडणारा पिवळा डाग नाही, कुज नाही, काकडी पानाआड लपून जून होत नाही. दुधी आणि दोडका आपल्या वजनाने सरळ वाढतात. पडवळ वळायला लागला तर टोकाला छोटा दगड बांधतात. फळमाशी मात्र टांगलेल्या फळालाही सोडत नाही. फरक एवढाच की आता फळ डोळ्यांसमोर असतं. फूल सुकताच कागदी पिशवी घातली तर तिला कोवळ्या सालीत अंडी घालता येत नाहीत. रोगांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. वारा खेळल्याने पानं लवकर सुकतात आणि केवडा या पानांवरच्या रोगाला आळा बसतो, कारण तो पसरायला पानावर पाणी लागतं. भुरी या पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या रोगाला ओलं पान लागत नाही, दमट हवा पुरते. त्यामुळे ताटीवर भुरी येणार नाही असं समजू नये. खालची जुनी पानं काढून हवा मोकळी ठेवावी.

सगळंच वर न्यावं असं मला वाटत नाही. रताळ्याचा वेल जमिनीवरच राहू द्यावा. मोठा लाल भोपळा मजबूत मांडवावर येतो, त्याचा देठ फळाबरोबर जाड होत जातो, पण जमीन असेल तर तो खालीच सुखी असतो. खरबुजाला ताटीवर झोळी हवीच, कारण पिकल्यावर ते देठापासून आपोआप सुटतं. जुन्या सुती कापडाची झोळी फळ लिंबाएवढं झालं की बांधावी आणि तिचा भार जाळीवर द्यावा, वेलावर नाही. तोंडली लावायची तर ती वर्षानुवर्षं त्याच जागी राहणार, म्हणून तिच्यासाठी बांबूऐवजी टिकाऊ डांब.

हंगाम संपला की वेल ओढून काढू नये, बुंध्याशी कापून तिथेच वाळू द्यावा. घेवड्याची मुळं मातीतच ठेवावी. ज्या डाळवर्गीय वेलांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात, त्यांचं थोडं देणं पुढच्या पिकाला मिळतं. काकडीवर्गीयांचे वाळलेले तणावे लाकडासारखे कडक होतात आणि नायलॉनच्या जाळीतून एकेक सोडवत बसावं लागतं. त्यापेक्षा उभ्या दोऱ्या सुतळीच्या घेतल्या तर वेल, तणावे आणि सुतळी एकत्र कापून कंपोस्टमध्ये टाकता येतात. रोगट वेल मात्र त्यात घालू नये. मग डांब हलवून पाहावेत, कुजलेला असेल तो बदलावा, आणि पुढच्या हंगामात त्याच ताटीवर काकडीच्या जागी घेवडा घ्यावा.